खरखर कुणाची?

सोसायटीच्या गच्चीवर एखादी लांब तार किंवा खांब दिसला, की खालच्या मजल्यांवर जे काही बिघडेल त्याचं खापर त्या तारेवर फुटतं. टीव्हीला चित्र नाही, तार. मोबाइलला रेंज नाही, तार. कुणाचं डोकं दुखलं तरी तारच. त्या तारेचा मालक हौशी रेडिओचालक असतो, सगळे त्याला हॅम म्हणतात. केंद्र सरकारची परीक्षा देऊन, परवाना आणि 'व्हीयू'नं सुरू होणारं कॉलसाइन मिळवून तो ७, १४, २१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर शंभरेक वॅटमध्ये जगाशी बोलत असतो. तक्रार त्याचीही असते, पण ती ऐकून घ्यायला सोसायटीच्या सभेत कुणाला वेळ नसतो. संध्याकाळी दिवे लागले की त्याच्या रिसीव्हरमध्ये अशी खरखर उसळते, की परदेशातलं स्टेशन राहू द्या, नागपूरचा मित्रही ऐकू येत नाही. ती खरखर त्याच्या मते खालून येते. कुणाच्या तरी दिव्यातून, कुणाच्या तरी चार्जरमधून.

दोन्हीकडची खात्री सारखीच पक्की. अडचण अशी, की दोन्हीकडची तक्रार खरी असू शकते.

या भांडणाचा एक भाग सोल्डरिंग आयर्न आणि फेराइटच्या कड्यांनी सुटतो. दुसरा भाग त्यांनी सुटत नाही, कारण तो फार जुना आहे. न ठरवता, न कळता दुसऱ्याला झालेला त्रास कुणाच्या नावावर मांडायचा? आणि मुळात त्रासाचं मूळ सापडलं, असं कशाच्या बळावर म्हणायचं? आपल्याकडच्या दर्शनांनी या दोन्ही प्रश्नांवर शतकानुशतकं वाद घातला आहे, आणि त्या वादातला बराचसा ऐवज हॅमच्या टेबलावर जसाच्या तसा उपयोगी पडतो.

सुरुवात तापत्रयापासून करता येईल. ईश्वरकृष्णाची 'सांख्यकारिका' उघडतेच तीन प्रकारच्या दुःखांपासून. आपल्याच शरीर-मनातून उठणारं ते आध्यात्मिक, इतर प्राणिमात्रांकडून येणारं ते आधिभौतिक आणि निसर्गाकडून किंवा देवादिकांकडून कोसळणारं ते आधिदैविक. या तिसऱ्यात भाष्यकारांनी थंडी, ऊन, वारा, पाऊस यांच्याबरोबर वीज पडणंही मोजलं आहे. मराठी वाचकाला हे तिन्ही ताप 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकातून भेटलेले असतात. मात्र समर्थांनी आधिदैविक तापाचा अर्थ बदलून त्याला मृत्यूनंतरच्या यमयातनेशी जोडलं. रेडिओवाल्याला सांख्यांचा अर्थ जास्त सोयीचा, कारण त्यात आकाशातली वीज आहे. पावसाळ्याआधीच्या दुपारी चाळीस मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यावर कडकडाट सुरू होतो तो हाच ताप. हॅमच्या सांकेतिक भाषेत त्याला 'क्यूआरएन' म्हणतात. माणसांनी आणि त्यांच्या यंत्रांनी केलेला व्यत्यय तो 'क्यूआरएम'. पहिल्या तापाला, म्हणजे आपल्याच घरातून आपल्यालाच होणाऱ्या त्रासाला, या भाषेत वेगळा संकेत नाही. जगभरच्या हॅम मंडळींनी सोयीनं केलेला हा विसर असावा, असा संशय घ्यायला जागा आहे.

कारण पहिला तापच सर्वांत जास्त वेळा भेटतो. प्रक्षेपणाचं बटण दाबलं की मायक्रोफोनच्या धातूला ओठ लागताच चटका बसतो, संगणकाचा माउस गोठतो, पलीकडचा माणूस 'तुमचा आवाज फाटतोय' म्हणतो. हे शेजाऱ्याचं काम नव्हे. अँटेनाकडे जाणाऱ्या कोॲक्स केबलमधला प्रवाह आतल्या तारेवर आणि जाळीच्या आतल्या बाजूवर राहिला पाहिजे. अँटेनाचा तोल साधलेला नसला, की तो जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून उलटा खोलीत येतो. तज्ज्ञ त्याला 'कॉमन मोड' प्रवाह म्हणतात. तो रेडिओच्या पेटीवर चढतो, यूएसबी केबल धरतो, विजेच्या वायरिंगमध्ये शिरतो आणि तिथून सगळ्या मजल्यावर हिंडतो. एरवी जिला आपण केबल समजतो ती त्या क्षणी अँटेनाचाच एक भाग झालेली असते. घरभर आपण स्वतःच प्रक्षेपण करत असतो आणि शोध मात्र बाहेर चाललेला असतो.

पण ताप कोणता, हे त्याच्या चवीवरून कळत नाही. रेडिओच्या इतिहासात याची दोन उदाहरणं आहेत, आणि ती नेमकी एकमेकांच्या उलट आहेत.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या होल्मडेल इथे बेल प्रयोगशाळेचा कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता २०.५ मेगाहर्ट्झवर खरखर मोजत होता. काम रोकडं होतं: अटलांटिकपार टेलिफोन संभाषणात व्यत्यय कशाकशाचा येतो ते शोधायचं. त्याला जवळच्या वादळांची खरखर सापडली, दूरच्या वादळांची सापडली आणि तिसरी एक मंद, सलग सिसकारी सापडली, जिचा धनी कोण ते कळेना. आधी वाटलं, सूर्य. पण महिने गेले तसा तिचा कळस रोज सुमारे चार मिनिटं अलीकडे सरकत गेला. चोवीस तासांऐवजी ती तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा, म्हणजे ताऱ्यांचा दिवस पाळत होती. ती आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. रेडिओ खगोलशास्त्र असं तक्रारनिवारणातून जन्मलं. त्यानंतर व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९३७ साली इलिनॉयमधल्या व्हीटन गावी स्वतःच्या अंगणात साडेनऊ मीटरची थाळी उभारून आकाश ऐकणारा ग्रोट रीबर हा हॅमच होता.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचं. तिथे १९९८पासून अधूनमधून काही विचित्र स्पंदनं नोंदली जात. त्यांचा नूर थेट दूरच्या आकाशातून आलेल्या संकेतासारखा. त्यांना 'पेरिटॉन' असं पौराणिक प्राण्याचं नावही मिळालं. २०१५ साली एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार कुणीतरी घाईनं, तो चालू असतानाच उघडायचं, आणि मॅग्नेट्रॉन बंद पडतानाची ती किंचाळी दुर्बिणीत शिरायची. विशेष म्हणजे याच दुर्बिणीच्या २००१च्या नोंदींमधून २००७ साली एक क्षणिक रेडिओ-स्फोट उजेडात आला होता. पेरिटॉनमुळे त्याच्याकडेही संशयानं पाहिलं जाऊ लागलं. तो मात्र खरोखरच आकाशातला निघाला. एकाच यंत्रात, जवळजवळ एकाच रूपात आलेल्या दोन गोष्टी. एक स्वयंपाकघरातली आणि दुसरी कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरची. अशा वेळी प्रत्यक्षाला एकट्याला सोडून चालत नाही, अनुमानाला हाक मारावीच लागते.

अनुमानाची पहिली पायरी घरच्या मेन स्विचपाशी असते.

पद्धत साधी आहे. रेडिओ विजेवरून काढायचा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावायचा. शांत पट्ट्यावर जाऊन एस-मीटर, म्हणजे येणाऱ्या लहरीची ताकद दाखवणारा काटा, वाचायचा. समजा, काटा ७ वर आहे. मग घरातल्या कुणाला तरी मेन स्विच खाली ओढायला सांगायचं आणि काट्यावरची नजर हलवायची नाही. काटा ७ वरून ३ वर आला, तर प्रत्येक एस-युनिट ६ डेसिबलचं धरून फरक २४ डेसिबलचा झाला. खरखरीची शक्ती सुमारे अडीचशे पटींनी उतरली, आणि चोर घरातच आहे. आपल्याकडे यात एक मेख असते, जी परदेशी पुस्तकं सांगत नाहीत. मेन स्विच पडताच इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो, अर्धं घर चालू ठेवतो आणि वर स्वतःची वेगळी भुणभुण रेडिओत ओततो. हॅम बिचारा काटा हलला नाही म्हणून शेजाऱ्यावर गुन्हा दाखल करायला निघतो. तेव्हा इन्व्हर्टर बंद, लॅपटॉप बंद, यूपीएस बंद, मगच निकाल. भारनियमनाच्या दिवसांत सगळा परिसर अंधारात बुडायचा तेव्हा बॅटरीवर बसलेल्या हॅमना पट्टा कसा स्वच्छ लागायचा, हे जुनी मंडळी अजून चवीनं सांगतात. गृहिणींसमोर मात्र सांगत नाहीत.

घर दोषी ठरलं की एकेक एमसीबी वर करत जायचं, मग एकेक प्लग. गुन्हेगार बहुधा क्षुल्लक निघतात: बिननावाचा मोबाइल चार्जर, एलईडी पट्टीचा ड्रायव्हर, राउटरचा किंवा आरओ फिल्टरचा ॲडॅप्टर, पंख्याचा जुना डिमर. मिक्सर तर दूरदर्शनच्या काळापासून बदनाम आहे. त्याच्या मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात, आणि चटणी वाटली जाईपर्यंत पडद्यावर रेषा नाचतात, हे एका अख्ख्या पिढीनं पाहिलेलं आहे.

संशयित सापडला की लगेच जल्लोष करायचा नसतो. प्लग काढल्यावर खरखर थांबली, एवढ्यानं भागत नाही. पुन्हा लावल्यावर ती परत आली पाहिजे. पुन्हा काढल्यावर पुन्हा गेली पाहिजे. असेल तिथे आहे हा अन्वय, नसेल तिथे नाही हा व्यतिरेक. नैयायिकांनी कार्यकारण पक्कं करायला हीच जोडी लावली, आणि जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात प्रयोगाच्या ज्या रीती मांडल्या त्यांतही हीच तत्त्वं आहेत. एकदाच काढून पाहणं म्हणजे काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल, कारण त्याच क्षणी खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही बंद केला असेल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आधी स्वतःच्या घरात शोधावं, हा सल्ला नम्रतेचा म्हणून दिला जातो. आपल्याकडे तर आत पाहण्याचा महिमा इतका गायला गेला आहे, की सगळा दोष स्वतःवर घेणं हीच साधना वाटू लागते. हॅमच्या पद्धतीत असलं काही नाही. तो आधी घरात शोधतो, कारण स्विच फक्त घरातला त्याच्या हातात असतो. जे बंद करून पाहता येतं तिथेच व्यतिरेक तपासता येतो. मेन खाली, इन्व्हर्टर खाली, आणि काटा तरीही ७ वर ठाम, तर मग 'दोष माझाच' म्हणत बसणं हेही चुकीचं अनुमानच ठरतं, मग ते कितीही सात्त्विक दिसो.

घराबाहेरच्या चोराला बंद करता येत नाही, म्हणून त्याच्या सवयी पाहाव्या लागतात. इथे वहीचं काम सुरू होतं. सूर्योदयानंतर येणारी आणि मावळतीला विरणारी खरखर गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरकडे बोट दाखवते. दिवेलागणीला येणारी दिव्यांकडे. रात्री अकराला येऊन पहाटे थांबणारी बहुधा कुणाच्या ई-स्कूटरच्या चार्जरकडे. पट्ट्यावर ठरावीक अंतरानं उंचवटे दिसत असतील आणि यंत्र तापेल तसे ते हळूहळू सरकत असतील, तर एखादा स्विचिंग पॉवर सप्लाय आहे हे निश्चित. आणि भुणभुण सेकंदाला शंभर ठोक्यांची असेल तर विजेची लाइन: आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या प्रत्येक लाटेला दोन शिखरं, आणि सैल बोल्ट किंवा तडकलेल्या इन्सुलेटरपाशी दर शिखराला एक ठिणगी. या ठिणगीची एक खोड आहे. पाऊस पडला की ती बरेचदा गप्प होते, कारण ओलाव्यानं फट बुजते. लाइनमनला फोन लावला, तो पावसात आला, सगळं ठीक आहे म्हणून गेला, आणि ऊन पडताच भुणभुण हजर, असं झालं तर लाइनमनचा दोष नाही. साधा एएम ट्रान्झिस्टर हातात फिरवून, आवाज कुठल्या दिशेला बुजतो ते पाहत पाहत, थेट खांबापर्यंत पोहोचणारे हॅम आहेत.

आता गोष्टीची दुसरी बाजू, म्हणजे शेजाऱ्याची. त्याच्या संगणकाच्या स्पीकरमधून अचानक बदकासारखं कॅक-कॅक ऐकू येतं. हॅम आजकाल बहुधा एसएसबी पद्धतीनं बोलतो. त्यातली वाहक लहर काढून टाकलेली असते, म्हणून शेजाऱ्याला शब्द कळत नाहीत, नुसता विकृत आवाज येतो. शेजारी पाहतो, की गच्चीवरचा माणूस घरी असतो तेव्हाच बदक बोलतं. अन्वय जुळला. तो गावाला गेला की बदक गप्प. व्यतिरेकही जुळला. शेजाऱ्याचं अनुमान तर न्यायशास्त्राच्या कसोटीला उतरलं!

उतरलं नाही. आणि ते का उतरलं नाही, हे अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त, सतराव्या शतकातल्या त्या चिमुकल्या पाठ्यपुस्तकात, अगदी नेमकं सांगितलेलं आहे. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला अग्नीला ओल्या सरपणाची जोड लागते. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. जिथे धूर आहे तिथे ती असतेच, पण जिथे अग्नी आहे तिथे ती असेलच असं नाही. उपाधी नजरेआड झाली की अनुमान फसतं.

हॅमचं प्रक्षेपण हा अग्नी. स्पीकरची दोन मीटर लांब वायर, तिच्यावर काहीही गाळणी नसणं, आणि आतल्या ॲम्प्लिफायरच्या अर्धवाहकानं त्या लहरीला पकडून तिचा आवाज करणं, हे ओलं सरपण. शेजारच्याच घरात, तितक्याच अंतरावर, चांगल्या बनावटीचा स्पीकर गप्प असतो. तो लोखंडाचा गोळा. म्हणून हॅम म्हणतो: माझ्या लहरी माझ्या पट्ट्यात आहेत, परवाना माझ्याकडे आहे, दोष तुमच्या स्पीकरचा. तंत्राच्या बाजूनं तो बरोबर असतो. अर्थात, स्वतःचं तपासून झालं असेल तरच. त्याच्या यंत्रातून हार्मोनिक गळत असेल, म्हणजे २१ मेगाहर्ट्झच्या तिप्पट ६३ मेगाहर्ट्झवर काही सांडत असेल, तर जुन्या काळी ते थेट टीव्हीच्या खालच्या चॅनलमध्ये जायचं. तेव्हा सरपण कोरडं असो की ओलं, चूक अग्नीचीच होती. हे ओळखायला अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे शक्ती आतच जिरवणारा नकली भार, जोडतात आणि वरच्या लहरी अडवणारा लो-पास फिल्टर लावून पाहतात.

पण सरपण ओलं आहे हे सिद्ध झालं, म्हणून आग लावणारा सुटला का?

'मज्झिमनिकाया'तल्या उपालीच्या सूत्रात नेमका हा वाद आहे. निगंठ नातपुत्ताचा, म्हणजे महावीरांचा, श्रीमंत अनुयायी उपाली नालंदेत बुद्धाशी वाद घालायला जातो. जैन पक्ष असा, की कायेनं घडलेलं पाप सर्वांत जड. बुद्धाचा पक्ष, की मनाचं. बुद्ध विचारतात, एखादा निगंठ येरझारा घालताना पायाखाली बारीक जीव चिरडतो, त्याचं काय? उपाली म्हणतो, हेतू नसेल तर मोठा दोष नाही. मग मुख्य काय ठरलं, काया की मन? उपाली हरतो. सूत्र बौद्धांचं आहे, त्यामुळे कोण हरणार हे आधीच ठरलेलं होतं, हे वाचताना लक्षात ठेवलेलं बरं.

जैनांचं स्वतःचं म्हणणं 'तत्त्वार्थसूत्रा'च्या सातव्या अध्यायात आहे, आणि ते उपालीच्या तोंडी घातलेल्या उत्तरापेक्षा सखोल आहे. उमास्वातींनी हिंसेच्या व्याख्येत प्राणहानीच्या आधी प्रमाद ठेवला, म्हणजे बेसावधपणा. वैर असलं पाहिजे अशी अट नाही. पाहून, जपून पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली जीव आला तर तो हिंसेचा धनी होत नाही. न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही, तरी तो निर्दोष ठरत नाही. हेतू आणि परिणाम या दोन टोकांच्या मधली ही जागा आहे, आणि रेडिओचा सगळा मामला त्याच जागेत घडतो. शेजाऱ्याचा स्पीकर बिघडवावा असा हेतू कुठल्या हॅमचा असेल? १९२८ साली पॉल सीगल या अमेरिकन हॅमनं लिहिलेल्या आचारसंहितेत पहिली अपेक्षा हीच आहे, की हौशी रेडिओचालकानं जाणूनबुजून दुसऱ्याच्या आनंदात बाधा आणू नये. 'जाणूनबुजून' म्हटल्यानं सुटका होते ती पहिल्या दिवसापुरती. शेजारी एकदा दारात येऊन गेला, की पुढच्या प्रत्येक प्रक्षेपणात जाणीव आलीच. उमास्वातींच्या हिशेबानं त्यानंतर न तपासता बटण दाबणं हा प्रमाद आहे, परवाना भिंतीवर टांगलेला असला तरी.

याच्या विरुद्ध टोकाचा युक्तिवादही रेडिओतूनच निघाला, ही गंमत आहे. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञानं १९५९ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनवर लेख लिहिला. रेडिओ लहरींच्या व्यत्ययाचं काय करायचं हा त्यातला एक मुख्य प्रश्न. पुढच्या वर्षी 'सामाजिक खर्चाच्या समस्ये'वर त्यानं जो निबंध लिहिला, त्यात तोच विचार रुंदावला, आणि १९९१ साली त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं: 'अ'नं 'ब'ला त्रास दिला, तर 'अ'ला कसं रोखायचं एवढंच आपण विचारतो. पण 'अ'ला रोखलं की त्रास 'अ'ला होतो. त्रास नेहमी दुहेरी असतो. त्यानं लंडनचा १८७९ सालचा एक खटला घेतला. एक मिठाईवाला कितीतरी वर्षं आपल्या स्वयंपाकघरात खलबत्ते चालवत होता. शेजारी डॉक्टर आला, त्यानं बागेच्या टोकाला, मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. न्यायालयानं डॉक्टरच्या बाजूनं निकाल दिला. कोझ म्हणतो, खलबत्ता नसता तर त्रास नव्हता हे खरं, पण ती खोली तिथे नसती तरीही त्रास नव्हता. पाहायचं ते हे, की कमी किमतीत कोण बाजूला होऊ शकतो.

याचा मोठा दाखला आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, सुमारे २५ किलोमीटर पसरलेली दुर्बीण. जागा निवडताना रेडिओच्या दृष्टीनं तिथे असलेली शांतता महत्त्वाची ठरली. पण परिसरात शेतं आहेत, गावं आहेत, विजेच्या लाइनी आहेत, आणि त्या लाइनींवरच्या ठिणग्या हा दुर्बिणीचा नेहमीचा ताप आहे. गावं दुर्बिणीच्या आधीची आहेत. मिठाईवाला तिथे आधीपासून होता. शेतकऱ्यानं पंप बंद ठेवावा असं कुणी म्हणणार नाही. म्हणून उन्नत जीएमआरटीच्या यंत्रणेत ठिणग्यांची आखूड स्पंदनं क्षणात ओळखून वगळणारी गाळणी बसवली गेली. ज्याला त्रास होत होता त्यानंच भार उचलला, कारण त्याला तो उचलता येत होता. यात न्याय आहे का? कोझ म्हणेल, प्रश्न चुकीचा. जैन मुनी म्हणतील, लाइनीचा बोल्ट सैल आहे हे कळल्यावरही कुणी आवळत नसेल तर प्रश्न उभाच आहे. दोघांपैकी मुनींचं म्हणणं अधिक पटतं. कमी खर्चाची वाट कोणती हे कोझ दाखवतो, पण त्या वाटेनं आधी कुणी निघायचं हे तो सांगत नाही. ते ठरतं कुणाला माहीत आहे यावरून. शेजाऱ्याला कॉमन मोड प्रवाह माहीत नसतो. हॅमला असतो.

मग माहीत असणाऱ्यानं करायचं काय? हा प्रवाह अडवणारं फेराइटचं कडं वापरायचं. तेही नीट. बरेचजण केबलवर एक क्लिपचा मणी ताइतासारखा अडकवतात आणि फरक नाही म्हणून तंत्रालाच नावं ठेवतात. ७ मेगाहर्ट्झवर एकदाच ओवलेल्या मण्याचा विरोध जेमतेम दोन आकडी ओहमांचा, त्याला लहर जुमानत नाही. तीच वायर सव्वादोन-अडीच इंची, ३१ नंबरच्या मिश्रणाच्या कड्यातून दहा-बारा वेळा ओवली, की विरोध फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत चढत काही हजार ओहमांवर जातो. पहिला फेरा आणि शेवटचा फेरा एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, नाहीतर लहर कड्यातून न जाता बाजूनंच उडी मारते. असा एक चोक स्वतःच्या अँटेनाच्या मुळाशी, एक रेडिओपाशी, आणि लागलाच तर एक शेजाऱ्याच्या स्पीकरच्या वायरीवर. त्याचा स्पीकर मात्र उघडायचा नाही. अनुभवी हॅम हे बजावून सांगतात, कारण पुढे सहा महिन्यांनी त्या स्पीकरचं काहीही झालं तरी हात लावणारा आठवतो.

एवढं करूनही खरखर शून्यावर येत नाही. 'सांख्यकारिके'नं पहिल्याच कारिकेत दृष्ट उपायांवर हाच आक्षेप घेतला आहे: ते हमखास नसतात आणि कायमचे नसतात. आज एक चार्जर सापडला, दिवाळीत चाळीस माळा लागतील. सांख्य त्यावरून पुरुष आणि प्रकृतीच्या विवेकाकडे वळतात. हॅमला तेवढी उंच उडी घ्यायची नसते. २४ डेसिबल मिळाले तरी त्याची रात्र सुखाची जाते. अमेरिकेत परवाना न लागणाऱ्या लहान इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर नियमानं दोन अटी छापलेल्या असतात. यंत्रानं इतरांना घातक व्यत्यय देऊ नये, आणि स्वतःला येईल तो व्यत्यय सोसावा. माणसाला हे व्रत दिलं तर तो संन्यासी होईल. दोनशे रुपयांच्या चार्जरकडून मात्र आपण ते गृहीत धरतो.

तेव्हा ज्यांच्या सोसायटीत अशी तार आहे त्यांना एक विनंती. स्पीकर कॅक-कॅक करू लागला, तर कमिटीला अर्ज लिहिण्याआधी कागदावर तारीख, वेळ आणि यंत्राचं नाव टिपा. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की तो कागद घेऊन वरच्या मजल्यावर जा. हॅमकडे नोंदवही असते. कोणत्या मिनिटाला कोणत्या पट्ट्यावर किती शक्तीनं प्रक्षेपण केलं, हे त्यानं लिहिलेलं असतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. वेळा जुळल्या तर चोकचा खर्च त्याच्याकडून मागा, तो बहुधा आनंदानं देईल. जुळल्या नाहीत, तर त्याच बैठकीत त्याला तुमचा आरओचा ॲडॅप्टर दहा मिनिटं बंद करून दाखवा.